चिलापीचं बारमाही बाळंतपण

आमच्या घरामागे चिऱ्याची एक जुनी खाण आहे. चिरे काढून संपले, खाणवाला निघून गेला आणि पाच-सहा पावसाळ्यांत तिचं तळं झालं. तीन बाजूंना सरळ कापलेल्या लाल भिंती, चौथ्या बाजूला गुरं पाण्यावर जातात ती उतरण. शेजारच्या तात्यांनी एका मिरगाला त्यात चार चिलापी सोडल्या. घरच्यांना अधूनमधून खायला मिळतील, एवढाच हिशेब. पुढच्या मे महिन्यात मला उतरणीवर नेऊन ते म्हणाले, "चारच सोडललंय रे. आता मोजून दाखव."

मोजणं शक्यच नव्हतं. उतरणीजवळच्या गुडघाभर पाण्यात, तळच्या गाळात जेवणाच्या ताटाएवढे गोल खळगे दिसत होते, एकाला एक लागून. प्रत्येक खळग्यावर एकेक काळाकुट्ट मासा, गळ्याखाली पांढरट, शेपटीच्या कडेला लाल झाक. हे नर. विणीच्या वेळी ते असे काळे पडतात, तोंडाने माती उचलून बाहेर टाकतात आणि खळगा कोरतात. शेजारच्या खळग्यातला जरा पुढे सरकला की हा अंगावर धावून जातो. आमच्या वाडीत जमिनीच्या मोजणीला माणसं जशी उभी राहतात, तसंच दृश्य.

चिलापी म्हणजे तिलापिया. आपल्या तळ्यांत सर्रास दिसते ती मोझांबिक तिलापिया, मूळची आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडच्या नद्यांची. भारतात ती १९५२ साली मुद्दाम आणली गेली, स्वस्त आणि भरपूर मासे मिळावेत म्हणून. ते 'भरपूर' काय असतं हे लवकरच कळलं आणि १९५९ मध्ये तिचा प्रसार करू नये असं ठरलं. तोवर ती सुटली होती. चार माशांचे एवढे मासे कसे झाले, याच्या उत्तराचा बराच मोठा भाग पाण्याच्या तापमानात आहे.

बहुतेक मासे स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाहीत. आपण थंडीत कुडकुडतो, पण पोटातलं तापमान सदतीसच्या आसपास राखतो. माशाच्या पोटात तेवढंच तापमान असतं जेवढं भोवतालच्या पाण्यात. त्यामुळे त्याच्या अंगातली सगळी कामं, म्हणजे अन्न पचणं, वाढ होणं, अंडी तयार होणं, पाण्याच्या गतीने चालतात. आंबोळीचं पीठ आठवा. मे महिन्यात रात्री वाटून ठेवलं तर पहाटे टोपाबाहेर येतं. तेच पीठ डिसेंबरात सकाळी जसंच्या तसं असतं आणि आई म्हणते, आज घावणेच करूया. तांदूळ तेच, उडीद तेच, फरक फक्त उबेचा. सजीवांच्या अंगातल्या रासायनिक क्रिया साधारण दहा अंश वाढले की दुप्पट ते अडीचपट वेगाने होतात. माशाच्या अंड्यालाही तोच नियम लागू आहे.

पण ऊब नुसता वेग वाढवत नाही. आधी ती 'आता वीण करायची' हा हुकूम सोडते. माशाच्या मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग असतो, तो पाण्याची ऊब आणि दिवसाची लांबी यांचा अंदाज घेतो. दोन्ही मनासारखं असलं की तो खालच्या पियुषिका ग्रंथीला संदेश देतो. ती ग्रंथी संप्रेरकं रक्तात सोडते, ती अंडाशयापर्यंत पोचतात. मग अंडाशय स्वतःचं संप्रेरक यकृताकडे पाठवतं आणि यकृत अंड्यातल्या पिवळ्या बलकाचा कच्चा माल तयार करायला घेतं. अशी ही साखळी. पाणी एका मर्यादेपेक्षा थंड असलं की ती पहिल्याच कडीला अडते. मादी जिवंत असते, खातेपिते, पण अंडी धरत नाही.

चिलापीच्या बाबतीत ती मर्यादा साधारण २० अंश सेल्सिअसची आहे. त्याच्या खाली वीण थांबते. २५ ते ३० अंश तिला सर्वांत मानवतं. पाणी १० अंशांच्या आसपास उतरलं तर ती मरायलाच लागते. अमेरिकेत म्हणूनच उघड्यावरची तिलापिया मुख्यतः फ्लोरिडा, टेक्सस अशा उबदार राज्यांत टिकली. थंड भागात ती सापडते तेव्हा बहुतेकदा एखाद्या वीजकेंद्राचं गरम पाणी जिथे तळ्यात सोडलेलं असतं तिथे. बाकी ठिकाणी दर हिवाळा तिचा बंदोबस्त करतो, माणसाला काही करावं लागत नाही.

आता कोकणात या. वर्षभर मी खाणीत एक साधा काचेचा थर्मामीटर दोरीला बांधून सोडत होतो. (तात्यांना वाटलं मी मासे पकडायची नवी युक्ती काढली आहे.) जानेवारीतल्या सगळ्यात थंड पहाटे, जेव्हा गुरांच्या नाकातोंडातून वाफ निघत होती, तेव्हा पाणी २३ अंश होतं. मे महिन्यात दुपारी उतरणीजवळ ३३. म्हणजे वर्षातला एकही दिवस असा नाही, की पाण्याने चिलापीला 'आता थांब' म्हणावं. आपल्याला हिवाळा वाटतो तो तिच्या हिशेबात जेमतेम सुस्तीचा काळ आहे.

याची गंमत कळायला सायप्रिनसचं, म्हणजे कॉमन कार्पचं, उदाहरण बघण्यासारखं आहे. हा मासाही परदेशी, १९३९ आणि पुन्हा १९५७ मध्ये भारतात आणलेला. युरोपातल्या थंड तळ्यांत त्याची मादी अंडी घालण्याजोगी व्हायला तीन-चार वर्षं घेते आणि मग वर्षातून एकदा, वसंत संपता संपता, पाणी अठरा-वीस अंशांवर गेलं की वीण करते. तोच मासा आपल्याकडच्या मैदानी तळ्यांत वर्षाच्या आत तयार होतो आणि वर्षाला दोन हंगाम घेतो, एक हिवाळ्याच्या शेवटी आणि एक पावसात. कुळ तेच, मासा तोच. पाणी बदललं तसं त्याचं पंचांग बदललं.

अंडी घातल्यानंतरही ऊब काम करतच असते. मत्स्यबीज केंद्रात काम करणारी माणसं यासाठी 'अंश-दिवस' असा हिशेब मांडतात. तापमान गुणिले दिवस. अंडं फुटायला ठरावीक ऊब साठावी लागते. ती गार पाण्यात हळूहळू साठते, कोमट पाण्यात भराभर. आफ्रिकन मांगूर या आणखी एका परदेशी माशाचं अंडं २० अंशांच्या पाण्यात फुटायला दोन दिवसांहून जास्त घेतं. ३० अंशांना ते एका दिवसाच्या आसपास फुटतं. एक-दीड दिवसाचा फरक क्षुल्लक वाटेल, पण अंडं म्हणजे हलता न येणारं खाद्य. जितका वेळ ते तसं पडून राहणार तितका वेळ बुरशी, किडे आणि दुसरे मासे त्याच्यावर टपलेले.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, कोकणातलं पाणी सगळ्यांसाठीच उबदार आहे, मग आपल्या गावठी माशांनाही तोच फायदा मिळायला हवा. मला खरं सांगायचं आहे ते इथेच.

आपले पऱ्यातले, नदीतले मासे तापमानाची वाट बघतच नाहीत. ऊब त्यांना बारा महिने आहे. ते वाट बघतात पावसाची. मिरगाचे पहिले जोराचे पाऊस पडले, सुके व्हाळ लाल पाण्याने धावायला लागले, की मळये, शेंगटी, खवली असे किती तरी मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि शेतात साचलेल्या उथळ पाण्यात अंडी सोडतात. हेच चढणीचे मासे, रायगडाकडे म्हणतात ती वलगण. रात्री बॅटऱ्या घेऊन, इरली पांघरून कोंडाकोंडावर उभे राहणारे आपण सगळे ते ओळखतो. वाढती पातळी, वाहता प्रवाह, नव्या पाण्याचा वास, ढगाळ आभाळ या सगळ्यांचा मिळून तो इशारा असतो. उलट पाऊस पडल्यावर पाणी चार अंश गारच होतं. म्हणजे आपल्या माशांच्या दाराला दोन कुलपं आहेत, उबेचं आणि पुराचं. पहिलं बारमाही उघडं आहे, दुसरं वर्षातून एकदाच उघडतं. चिलापीच्या दाराला कुलूप एकच, आणि ते कोकणात कधी लागतच नाही.

हे दुसरं कुलूप किती पक्कं असतं, त्याची एक गोष्ट मत्स्यशास्त्रात प्रसिद्ध आहे. रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे मासे (आपल्याकडे तेही बाहेरूनच आलेले) तळ्यात छान वाढतात, मादीचं पोट अंड्यांनी भरतं, पाणीही हवं तेवढं कोमट असतं, पण तळ्यात त्या अंडी सोडत नाहीत. नदीचा पूर नाही म्हणून. पूर्वी बीज आणायचं तर पावसाळ्यात नदीवर जाऊन गोळा करावं लागे. शेवटी १९५७ च्या जुलैमध्ये ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या माशांच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालून घेतली. मेंदूने द्यायचा हुकूम सुईने दिला, एवढंच. आजही मत्स्यबीज केंद्रांत तेच चालतं, औषधं बदलली. रोहूला डॉक्टर लागतो, आणि चिलापी चिऱ्याच्या खाणीत गुरांच्या पायाखालच्या गाळात संसार थाटते.

अंड्यांचा आकडा बघितला तर मात्र कुणीही फसेल. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन लाखांहून अधिक अंडी सोडते. चिलापीची तळहाताएवढी मादी एका खेपेला दोन-तीनशे. मग ही लाखोंवर भारी कशी? तर रोहू अंडी पुरात सोडून निघून जाते, त्यातली बहुतेक मरायचीच असतात. चिलापीची मादी खळग्यात अंडी घालते, नर ती फळवतो आणि ती लगेच सगळी अंडी तोंडात घेते. पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर तीन ते पाच दिवसांत तोंडातच पिल्लं निघतात. तरी ती त्यांना सोडत नाही. या काळात ती जवळजवळ काही खात नाही. पिल्लं पोहायला लागली की बाहेर सोडते, सावली हलली की ती परत तिच्या तोंडात शिरतात. मी हे उतरणीवर बसून पाहिलं आहे. मोहरीएवढ्या ठिपक्यांचा ढग मादीच्या डोक्यासमोर तरंगत होता. मी हात हलवला आणि ढग नाहीसा झाला. मादी गाल फुगवून तिरपी निघून गेली, एखाद्या मुलाने गोळी लपवावी तशी.

पिल्लं सोडून झाली, चार दिवस खाऊन अंग भरलं की पुन्हा खळगा. कोमट पाण्यात हा फेरा महिना-दीड महिन्यात पूर्ण होतो. वर्षाला सहा ते बारा खेपा जगभरातल्या उबदार पाण्यांत नोंदल्या गेल्या आहेत. आठ खेपा आणि दर खेपेला अडीचशे धरा, दोन हजार पिल्लं झाली, तीही आईच्या तोंडात सांभाळलेली. शिवाय दाटीच्या तळ्यात ही पिल्लं वाढायची वाट बघत नाहीत. दोन-तीन महिन्यांत, बोटभर लांबीची असतानाच, विणीला लागतात. अंगात जायचा तो घास अंड्यांत जातो, म्हणून मासे खुरटे राहतात. तात्यांची खरी तक्रार ही होती. मासे हजार, पण तव्यावर ठेवण्याजोगा एक नाही. "काट्याची भाजी" असं काकी म्हणाल्या होत्या.

ऊब वाढवत नेली म्हणजे मासे वाढतच जातील असं मात्र नाही. वर्तमानपत्रात हवामानबदलाबद्दल असं सरसकट छापून येतं, ते मला पटत नाही. प्रत्येक माशाला वरचीही मर्यादा असते. पाणी ३५ च्या पुढे गेलं की चिलापीची अंडी नीट वाढत नाहीत. आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. गरज वाढलेली असते नेमकी तेव्हाच साठा कमी. राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम झऱ्यात पाय बुडवून बसलेल्यांना चाळीसच्या वरचं पाणी कसं लागतं ते माहीत आहे. चिलापीही त्याच्या आसपासच हार मानते. त्यामुळे कोकणपट्टीवर पाणी एखाद्या अंशाने तापलं तर चिलापीला फार मोठं घबाड मिळेल असं नाही, ती आधीच सोयीच्या पट्ट्यात बसली आहे. फरक पडेल तो जिथे आज हिवाळा तिला रोखतो तिथे.

गरम पाण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो मला सगळ्यात विलक्षण वाटतो. तिलापियाची एक बहीण आहे, नाईल तिलापिया. आपल्यासारखंच तिच्यातही गुणसूत्रांवरून नर-मादी ठरतं. पण अंड्यातून निघाल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत पिल्लांना ३५-३६ अंशांच्या पाण्यात ठेवलं तर गुणसूत्रांनी मादी असलेली बरीच पिल्लं नर होतात. स्त्री-संप्रेरक बनवणारं एक विकर (एन्झाइम) असतं, उष्णतेने त्याचं काम दबतं आणि कोवळी ग्रंथी दुसऱ्या वाटेने जाते. मत्स्यशेतीवाल्यांना नर हवेच असतात, कारण नर लवकर वाढतात आणि नुसते नर असले तर तळ्यात पिलावळ होत नाही. बहुतेक ठिकाणी त्यासाठी संप्रेरक घातलेलं खाद्य देतात. पण जंगली पाण्यात माद्या कमी झाल्या म्हणून मासे आवरतील, अशी आशा कुणी धरू नये. भर उन्हाळ्यातही डोहाच्या तळाशी गार थर असतोच, आणि आईला तोंडात पिल्लं घेऊन तिथे जाता येतं.

आफ्रिकन मांगूरचं गणित थोडं वेगळं आहे. भारतात त्याच्या पालनावर २००० साली बंदी आली, तरी बाजारात तो 'थाई मांगूर' नावाने येत राहतो. अंडी धरायला त्याला ऊब लागते, ती इथे आहे. पण अंडी सोडायला त्याला आपल्या चढणीच्या माशांसारखाच पाऊस आणि वाढतं पाणी लागतं. म्हणजे तो आपल्या माशांच्याच मुहूर्तावर, त्याच शेतांत येऊन बसतो, आणि मांसाहारी असल्यामुळे त्यांची पिल्लं खातो. हवेत श्वास घेत असल्याने ओल्या बांधावरून एका खाचरातून दुसऱ्यात जाणंही त्याला जमतं. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवला की मला घरांइतकीच मत्स्यतळ्यांचीही आठवण येते. अशा पाण्यात कुठल्याही तळ्याचा बांध काही उरत नाही, आणि आतलं सगळं नदीत जातं.

गप्पी तर घरचीच वाटावी इतकी ओळखीची. डासांच्या अळ्या खाते म्हणून आरोग्य खात्याची माणसं टाक्यांत, विहिरींत सोडतात. ती अंडी घालतच नाही, थेट पिल्लं देते. कोमट पाण्यात तीन-चार आठवड्यांनी. मादी नराचं बीज काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे बाटलीतून नेलेली एकच मादी नवी वस्ती उभी करू शकते. बंद टाकीतल्या गप्पीशी माझं भांडण नाही. वाहत्या पऱ्यात ती कशाला?

आणि देवाच्या तळ्यात तर नाहीच. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी महादेवाच्या देवळाचं छोटं कुंड आहे. तिथे मिळालेला एक बोटभर मासा २०२० मध्ये शास्त्राला नवा ठरला, त्याला नदीचंच नाव मिळालं, शिस्तुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आंबोली उंचावर आहे, जानेवारीत तिथे हुडहुडी भरते, म्हणून चिलापीचा वेग तिथे कमी पडेल. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. पुण्य म्हणून पिशवीतून आणलेले चार मासे त्या कुंडात सोडायला एक मिनिट लागतं.

खाडीच्या बाजूला तरी खारट पाणी चिलापीला अडवेल, असं मला आधी वाटायचं. तसं होत नाही. मोझांबिक तिलापिया समुद्राच्या पाण्यातही वीण करू शकते. खाजणात ती काळुंदराच्या जागेवर येते. काळुंदर तिच्याच कुळातला, पण आपला. तोही अंडी राखतो, पिल्लांभोवती फिरतो. अंडी मात्र दगडाला, काठीला चिकटवतो, तोंडात घेत नाही. काळुंदराचं घर उचलून नेता येत नाही, चिलापीचं येतं.

तात्यांनी गेल्या वर्षी ठरवलं, खाण रिकामी करायची. कधी, हा प्रश्न होता. तापमानाने उत्तर मिळत नव्हतं, कारण वीण थांबलेली वेळच नाही. मग पाण्याच्या पातळीवरून ठरवलं. मेचा शेवटचा आठवडा, पाणी सर्वांत कमी, आणि पहिल्या पावसात खाण भरून वाहून खालच्या शेतात मासे जाण्याआधी. पंप लावून पाणी माडांच्या बागेत सोडलं, पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणी बांधली. कमरेएवढं उरल्यावर तात्यांच्या पुतण्याने पाग टाकला.

पहिल्या खेपेला वीस-पंचवीस आल्या. पाग काठावर ओढताना दोन-तीन माद्यांनी तोंड उघडलं आणि पिल्लांचा एक लोट जाळ्याच्या आसांतून सरळ परत पाण्यात गेला. घाबरली की मादी तोंडातलं सगळं टाकून देते. मोठी पिल्लं तेवढ्यावरही जगतात. आम्ही आया काढत होतो आणि लेकरं तिथेच राहत होती. पुतण्या पाग हातात धरून तसाच उभा राहिला. तात्यांनी पंपाकडे बघून विचारलं, "डिझेल किती रवला?"